रेग्युलेटरला दसऱ्याचं तेल

माझ्या भागीदाराने मला फसवलं. पावणे गावच्या रस्त्यालगत आमची गॅस वेल्डिंगची शेड होती. जागा त्याच्या घराण्याची, पण शेड दोघांची आणि धंदा दोघांचा. ती जागा त्याने मला न विचारता एका गोदामवाल्याला देऊन टाकली. मी चार दिवस गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा शेडचे पत्रे उतरवलेले होते आणि माझ्या टेबलाच्या जागी मुरमाचा ढीग होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि तेवढ्यात ही गोष्ट वाचणाऱ्याच्या डोक्यातून निसटू नये.

मी देशावरचा, कराडकडचा. कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये गॅस वेल्डिंग शिकलो. शिकलो म्हणजे मार खाऊन, शिव्या खाऊन, बघून बघून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खाडीच्या या बाजूला नवे कारखाने उठायला लागले तेव्हा मी हिशेब केला की मुंबईत आयुष्यभर दुसऱ्याच्या टॉर्चने जोड मारण्यापेक्षा इथे चिखलात स्वतःचं काहीतरी उभं करावं. नवी मुंबई हे नाव तेव्हा कागदावर होतं. आम्ही पावणे, तुर्भे, रबाळे एवढंच म्हणायचो. मिठागरं होती, भातशेती होती, आणि मधूनच एखादी चिमणी धूर सोडत असायची.

माझा भागीदार पावणे गावचाच. त्यांची थोडी शेती, थोडं मिठागर. उंच, काळा, बोलायला सावकाश. माझ्या तोंडून दहा वाक्यं निघायची तेव्हा त्याचं एक निघायचं, आणि ते माझ्या दहांना पुरून उरायचं. तो पंपाचा तुटलेला पाइप घेऊन माझ्याकडे आला होता. मी तेव्हा दुसऱ्याचं सामान उसनं घेऊन काम करायचो. त्याने जोड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "माज्याकडे रस्त्याला जागा हाय. तुज्याकडे हात हाय. सेट घेऊया." एवढ्यावर आमची भागीदारी झाली. कागद नाही, स्टँप नाही.

सेट आणायला आम्ही ठाण्याला गेलो. तिथे एका म्हाताऱ्याचं जुनं वर्कशॉप बंद होत होतं. कार्बाइडचा गॅसपॉट, म्हणजे ज्यात कार्बाइडवर पाणी पडून गॅस तयार होतो ते लोखंडी भांडं; लाकडी पेटीतली टॉर्च आणि तिचे पाच नोझल; रबरी नळ्या; आणि ऑक्सिजनचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसून दाब आटोक्यात ठेवणारी तोटी. रेग्युलेटर पितळेचा, दाब दाखवणाऱ्या दोन काचेच्या चकत्यांचा, विलायती बनावटीचा. मुठीत धरला तर जड लागायचा आणि बरं वाटायचं. तो पाहिल्याबरोबर मला हवासा वाटला, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. गिऱ्हाइकाने आवडलेल्या वस्तूकडे पाहायचं नसतं. मी सकाळपासून दुपारपर्यंत घासाघीस केली, दोनदा उठून रस्त्यापर्यंत गेलो. माझा भागीदार लाजून बाहेर सावलीत उभा.

परत येताना टेम्पोत तो म्हणाला, "घाट्या, तो म्हातारा रडायला आला होता रे."

"रडला तर नाही ना? रडला असता तर नळ्या फुकट मिळाल्या असत्या."

तो खाडी येईपर्यंत हसत होता.

आता तेलाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथे येऊन अडकतं.

खाडीच्या हवेत लोखंड राहत नाही. रात्रीतून तांबूस होतं, महिन्यात पापुद्रे सुटतात. त्यामुळे त्या गावात प्रत्येक वस्तूला तेल. कोयत्याला, कुलपाला, पेटीच्या बिजागरीला, शिवणयंत्राला. माझ्या भागीदाराची आई तर हातात तेलाची वाटी घेऊनच जन्माला आली असावी. आणि गॅस वेल्डिंगमधला पहिला नियम असा की ऑक्सिजनच्या कुठल्याही वस्तूला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये. ऑक्सिजन बाटलीत, म्हणजे लोखंडी सिलिंडरमध्ये, प्रचंड दाबाने कोंडलेला असतो. तो सुटून तेलाला भेटला की काडी ओढावी लागत नाही. आपोआप पेटतं, आणि पेटतं म्हणजे हातात फुटतं. कुर्ल्याला मी एका माणसाचा हात पाहिला होता. तो कसा होता ते इथे लिहीत नाही.

पण मी हे कधी समजावून सांगितलं नाही. मी ओरडलो. माझी शिकवण्याची पद्धत तीच, कारण मला तशीच मिळाली होती. त्याची आई दुपारी भाकरी आणि तळलेली कोळंबी घेऊन शेडवर यायची. ती दारात दिसली की मी हातातलं काम टाकून ओरडायचो, "आई, तेलाचा हात लांब! लांब म्हणतो ना!" ती दोन्ही हात पाठीमागे न्यायची, पाटी डोक्यावर तशीच, आणि हसायची. "नाय लावत रे बाला, नाय लावत." सहा वर्षं हे चाललं. मला वाटायचं तिला कळलं आहे.

सहा वर्षं बरी गेली. मी जोड मारायचो, तो धरायचा. गॅस वेल्डिंगमध्ये धरणाऱ्याला कोणी विचारत नाही, पण नळी कधी फिरवायची, किती उचलायची, हे धरणाऱ्याला कळलं नाही तर मारणाऱ्याचं कौशल्य मातीत जातं. त्याला सांगावं लागत नसे. माझं मनगट कुठे वळणार ते त्याला माझ्याआधी कळायचं. टॉर्च मात्र त्याने कधी स्वतः पेटवली नाही. "ती तुजी बायको," म्हणायचा.

मग ती जागा गेली.

मी देवळाच्या पारावर त्याला गाठलं आणि सगळ्या गावासमोर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "सेट घरी आनून ठेवलाय. घेऊन जा."

मी म्हणालो, "तुझ्या घरातली वस्तू मला नको. राहू दे तिथेच. रोज बघ आणि लाज वाटून घे."

म्हणजे सेट त्याने दाबला नाही. मीच रागाने ठेवला. हे लिहिताना आजही माझा हात अडतो, पण मी खोटा हिशेब करत नाही.

नंतरची सात वर्षं माझी चढतीची होती. त्याच पट्ट्यात, तुर्भ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी गाळा घेतला. विजेवर जोड मारणारी आर्कची मशीन घेतली, नवा गॅस सेट घेतला, चार माणसं ठेवली. कारखान्यांचे खरेदी अधिकारी माझ्याशी भाव करायला घाबरायचे. पण कधी पातळ पत्र्याचं काम आलं आणि धरणाऱ्याने नळी चुकीच्या वेळी फिरवली की मी त्याच्यावर असा तुटून पडायचो की तो काम सोडून जायचा. त्या गाळ्यात माझ्या हाताखाली किती धरणारे आले आणि गेले, मोजले नाहीत. सगळ्यांचा गुन्हा एकच. ते तो नव्हते.

एका सकाळी मी ऑक्सिजन आणि कार्बाइड विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो होतो. तो सहज म्हणाला, "तुमचा जुना पार्टनर काल येऊन गेला. दोन किलो कार्बाइड आणि एक ऑक्सिजनची बाटली नेली. घरी जुना सेट पडलाय म्हणे, तो काढतोय."

सात वर्षं माळ्यावर पडलेला सेट, खाडीची हवा, आणि ज्याने कधी टॉर्च पेटवली नाही असा माणूस. मी बाकीचं ऐकलंच नाही. रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याने जे मागितलं ते देतो म्हणालो. आयुष्यात एकदाच.

त्यांच्या अंगणात ऑक्सिजनची बाटली माडाला दोरीने बांधून उभी होती. निदान बांधली होती. खाली गोणपाटावर गॅसपॉट, नळ्या, पेटी. एक सायकलची नुसती फ्रेम भिंतीला टेकवलेली. बाटलीवर रेग्युलेटर बसवलेला होता आणि माझा भागीदार बाटलीची चावी हातात घेऊन अगदी तोंड जवळ नेऊन उभा होता.

"हात काढ!" मी कुंपणाबाहेरूनच ओरडलो. "हात काढ, मूर्खा! मागे हो!"

आळीतली चार दारं उघडली. तो वळलासुद्धा नाही. चावी मात्र काढून घेतली.

"आला," तो आईला म्हणाला. "सात वर्सांनी आला नि वरडतच आला."

केस पांढरे झाले होते त्याचे. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि मग माझी नजर रेग्युलेटरवर गेली. सात वर्षं खाडीच्या हवेत राहिलेल्या पितळेवर हिरवा ठिपका नव्हता. तो दुकानातल्यासारखा चकाकत होता. मी नटावर बोट फिरवलं. बोट घसरलं. नाकाजवळ नेलं. खोबरेल.

चावीचा अर्धा फेर बाकी होता.

"तेल कोणी लावलं याला?"

"मी लावलं," त्याची आई ओट्यावरून म्हणाली. ती सुकट निवडत बसली होती. "दर दसऱ्याला लावतंय."

"आई!" मी इतक्या जोरात ओरडलो की कोंबड्या पळाल्या. "सहा वर्षं घसा फोडून सांगितलं, तेलाचा हात लावू नको! आत्ता तुझ्या पोराचं तोंड उडालं असतं! डोळे गेले असते!"

ती घाबरली नाही. तिला वाईट वाटलं. सूप बाजूला ठेवून ती खाली आली.

"वरसभर एक थेंब नाय लावला, बाला. तू सांगितलं तसं पाळलं. मना वाटलं, देवाच्या वस्तूला सोवलं असतंय तसं याला तेलाचं सोवलं हाय. पन दसऱ्याला हत्याराचा सन. त्या दिवशी तरी त्याला तेल नको? आपन दिवालीला तेल लावून न्हातो ना? तसं. कुंकू लावलं, झेंडू वाहिला, नि तेल चोललं. तू नव्हतास, मग तुज्या हत्याराचं करनार कोन? माजं काय चुकलं?"

सात वर्षं, सात दसरे. मी त्या घराला शिव्या देत होतो तेव्हा ही बाई माझ्या रेग्युलेटरला अभ्यंगस्नान घालत होती. आणि चूक कोणाची होती ते मला तिथेच दिसलं. मी नियम सांगितला होता, कारण सांगितलं नव्हतं. त्यामुळे तिने स्वतःचं कारण शोधलं, आणि तिच्या कारणाला सणाची सवलत होती.

मग मी तिला बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता सांगितलं. ऑक्सिजन म्हणजे काय, तेल म्हणजे काय, दाब म्हणजे काय. कुर्ल्याच्या त्या माणसाच्या हाताचंही सांगितलं. ती ऐकत होती आणि मधूनच मुलाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "हे तवाच का नाय सांगितलंस?"

"हा सांगतो कुठे," माझा भागीदार म्हणाला. "हा वरडतो."

सायकल त्याच्या धाकट्या भावाची होती. भाऊ एका कारखान्यात नोकरीला होता, रोज सायकलने जायचा, आणि सीटखालचा जोड तुटला होता. सायकलची नळी पातळ. आर्कने भोक पडतं, ती गॅसनेच पितळ वितळवून जोडावी लागते.

"माझ्या गाळ्यावर का नाही आणलीस?" मी विचारलं. "रस्त्यावरच तर आहे."

"कुटल्या तोंडानं आनू?"

मी आधी रेग्युलेटर उतरवला. बाटलीच्या तोंडालाही तेल लागलं होतं, म्हणून ती बाटली दुकानदाराला काय झालं ते सांगून परत पाठवली. माझ्या गाळ्यावरून माझी बाटली, माझा रेग्युलेटर आणि नव्या नळ्या मागवल्या. ते सामान येईपर्यंत आम्ही दोघं जुन्या सेटला लागलो.

त्याची बिडी विझवायला लावली. "पोटात जुना गॅस असू शकतो," मी सांगितलं, "आणि कारण सांगतोय, ऐक." तो हसला. गॅसपॉट परसात उघड्यावर नेला, काठोकाठ पाण्याने भरला, तसाच ठेवला, ओतून दिला. असं तीनदा. आतून चुन्याचे पांढरे खडे निघाले, आम्हीच सात वर्षांपूर्वी शेवटच्या कामानंतर न धुता ठेवलेले. बुडाला बोटाच्या पेराने सगळीकडून ठोकून पाहिलं. पत्रा गंजून पातळ झाला असता तर आवाज बसका आला असता. खणखणीत आला. मग पाण्याचा सापळा उघडला. ज्योत नळीतून उलटी फिरली तर ती पॉटपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये पाणी भरून ठेवतात ते भांडं. त्याची झडप चिकटली होती. ती सोडवून, घासून, ताजं पाणी भरलं.

जुनी नळी मी दुमडून त्याला दाखवली. दुमडल्यावर रबरावर बारीक चिरा उघडल्या, म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या. एका ठिकाणी त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती.

"हे काय आहे?"

"पंक्चर काढलंय."

"हा गॅस आहे की तुझ्या भावाची सायकल?"

"सायकलसाटीच तर चाललंय ना सगलं," तो म्हणाला, आणि आई ओट्यावरून हसली. बऱ्याच वर्षांनी माझ्या रागावर कोणीतरी हसत होतं.

टॉर्चची पेटी खिळे ठोकून बंद होती, म्हणून टॉर्च तेलापासून वाचली होती. पण कोपऱ्यात उंदराने भोक पाडलं होतं आणि त्यातून कुंभारीण माशी आत शिरून तिने दोन नोझलच्या तोंडात मातीची घरटी बांधली होती. पेटवलं असतं तर ज्योत आतल्या आत कोंडली असती. मी बारीक तारेने माती काढत बसलो, तो टॉर्चचे वॉशर बदलत होता. आणि मान खाली घालून, वॉशरकडेच बघत तो बोलायला लागला.

"गोदामवाला म्हनाला, रस्त्याची जागा दे, तुज्या भावाला माज्या कारखान्यात पर्मनंट करतो. दोन दिवसांत सांग म्हनाला. आमची शेती सरकारात जानार हे दिसतच होतं. मिठागर गेलंच होतं. धाकटा घरात बसून होता. तू गावी."

"मी चार दिवसांनी येणारच होतो. चार दिवस थांबवता आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग?"

"तू चिडला असतास."

मी तार खाली टाकली. "चिडलो असतोच! का नाही चिडणार? आधी चिडलो असतो, मग हो म्हटलं असतं! त्या गोदामवाल्याकडून शेडसाठी दुसरी जागा काढून घेतली असती, वर त्यालाच पत्रे उतरवायला लावले असते. मी आधी चिडतो, मग हो म्हणतो. सहा वर्षांत तुला एवढं कळलं नाही?"

त्याने वॉशर बसवून नट आवळला. "माजं मनगट तुला कलत नव्हतं, पार्टनर," तो म्हणाला. "तुजं मना कलायचं. तोंडाची मात्र भीती वाटायची."

एवढंच. माफी त्याने मागितली नाही आणि मीही नाही.

सामान आलं. नवा रेग्युलेटर लावायच्या आधी बाटलीचं तोंड क्षणभर उघडून धूळ उडवून दिली. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल ठेवला. "बाजूला उभं राहून, सावकाश उघड," मी म्हणालो आणि चावी त्याच्याच हातात दिली. हात साबणाने दोनदा धुवायला लावले होते. काटा हळूहळू वर गेला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एका जोडाला बुडबुडे आले. गॅसच्या बाजूचे आटे उलटे असतात. तो सवयीने सुलटा फिरवायला गेला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच थांबला. उलटा फिरवला. बुडबुडे थांबले.

मी टॉर्च त्याच्यापुढे धरली. "पेटव."

"तुजी बायको हाय ती."

"पेटव म्हणतो ना."

त्याने काळा चष्मा चढवला आणि ठिणगी पाडली. नुसत्या गॅसची पिवळी, धुरकट ज्योत उठली, अंगणभर काळी जळमटं उडाली. "माज्या सुकटीवर काजली पारली!" आई ओरडली. त्याने ऑक्सिजन सोडला. पिवळं आत ओढलं गेलं, धूर थांबला, आणि नोझलच्या टोकाशी तो निळा कोंब उभा राहिला. ती फुसफुस. माझ्या गाळ्यात हा आवाज मी रोज ऐकायचो. पण हा आवाज त्या पॉटचा होता, थोडा खरखरीत, थोडा दमेकऱ्यासारखा, आणि तो मी सात वर्षं ऐकला नव्हता.

मग टॉर्च मी घेतली आणि तो फ्रेम धरायला बसला. पितळ धरावं म्हणून टाकणखार लावला, पितळेची काडी टेकवली. नळी लाल झाली, पितळ पाण्यासारखं जोडाभोवती धावलं, आणि नेमक्या त्या क्षणी, मी काही न बोलता, त्याने फ्रेम फिरवली. जराशी उचलली. थांबला. पुन्हा फिरवली. जोड एका दमात गोल पुरा झाला. मी चष्मा लगेच काढला नाही. काढला असता तर त्याला दिसलं असतं.

शेवटी प्रश्न जुन्या रेग्युलेटरचा उरला. मी म्हणालो, हा आता भंगारात. म्हातारीने तो पदरात घेतला. "नाय देनार. दसऱ्याला मी पूजा कशाची करू?"

"आई, कोणीतरी उद्या लावेल बाटलीला."

"मी लावू देनार नाय."

"तू किती दिवस पुरणार आहेस?"

"तू बोलतोस ते बरं बोलत जा जरा."

मी खरेदी अधिकाऱ्यांना घाम फोडलेला माणूस. त्या बाईपुढे माझी काही मात्रा चालली नाही. शेवटी सौदा असा ठरला: बाटलीवर बसतो तो तोंडाचा भाग मी हॅक्सॉने कापून टाकायचा, म्हणजे तो जन्मात कुठल्या बाटलीला लागणार नाही, आणि मग तिने त्याला हवं तेवढं तेल लावायचं. मी कापला. विलायती पितळ कापताना जो आवाज आला तो माझ्या दाढेत बसला. ती तो घेऊन आत गेली आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून आली.

निघताना तो कुंपणापर्यंत आला. "दसऱ्याला ये," म्हणाला. "कोलंबी करील आई."

दसरा आला. मी गेलो नाही. मला वाटलं, त्याने एकदा माझ्या गाळ्यावर यावं, नुसतं दारात उभं राहावं, म्हणजे माझं समाधान होईल. सौद्यात आधी हलायचं नाही ही माझी सवय. मी त्याच्या हलण्याची वाट पाहत बसलो.

पुढच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी तो दुकानदार म्हणाला, "तुमचे पार्टनर गेले, कळलं असेलच. काल बारावं झालं."

मला कळलं नव्हतं.

मी गेलो. तेच अंगण, तोच माड. बायका आत बसलेल्या. कोनाड्यात तोंड कापलेला रेग्युलेटर होता, तेलाने चकचकीत. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी दारात उभा राहिलो तशी तिने वर पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. सवयीने. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिने हात पुढे आणेपर्यंत बसून राहिलो.

धाकटा भाऊ ओट्यावर होता. त्याने सांगितलं, कावीळ होती, पोटात उतरली, दीड महिना अंथरुणात होता, मग ठाण्याला हॉस्पिटलमध्ये नेला. शुद्धीत होता शेवटपर्यंत.

"मला का नाही कळवलं?"

"दादाच म्हनाला. त्याला सांगू नको. तो येल नि डॉक्टरवर वरडंल."

वरडलो असतो. डॉक्टरवर, नर्सवर, त्याच्यावरही, इतके दिवस अंगावर काढल्याबद्दल. आणि मग उशाशी बसलो असतो, दीड महिना, गाळ्याला कुलूप लावून. त्याला कूस बदलायची असेल तेव्हा मीही सांगितल्याशिवाय ओळखलं असतं. तेवढं मी त्याच्याकडून शिकलो होतो.

त्याला मी विचारू शकत नाही. आईला विचारणार नाही. पण तो धाकटा भाऊ आहे. ज्याच्या नोकरीसाठी माझी शेड गेली तोच. तो दीड महिना रोज सकाळी कामावर जात होता आणि संध्याकाळी परत येत होता. त्या रस्त्याला माझा गाळा लागतो. माझ्या दारावरून, मी आणि त्याच्या दादाने मिळून जोडलेल्या सायकलवर बसून, तो रोज दोनदा गेला. दादा काहीही म्हणाला असेल. आजारी माणूस म्हणतो. याला तर दोन पाय होते, ब्रेक होता. एक दिवस माझ्या दारात ब्रेक का नाही दाबला? मी कारण ऐकून घेईन, मधे ओरडणार नाही. पण उत्तर त्याने द्यायचं आहे, आणि माझ्यासमोर उभं राहून द्यायचं आहे.